डिझेल गाडी, १४ महिने, ११,४०० किलोमीटर आणि एक पिवळा दिवा

गेल्या रविवारी पहाटे सहाला कोथरूडहून निघालो, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरला गेलो, एक चहा घेतला आणि घरी परत आलो. काम काही नव्हतं. गाडीचं पोट साफ करायचं होतं. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, म्हणजे साधारण २४० रुपयांचं डिझेल. महिन्यातून दोनदा ही वारी असते. बायको शेजाऱ्यांना सांगते, "हे गाडीला फिरवायला घेऊन गेलेत."

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. दीड लिटरचं डिझेल इंजिन, मॅन्युअल गिअर, बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली.

डिझेल घेतली ती आमच्या अण्णांच्या शब्दाखातर. त्यांनी आयुष्यभर जीप चालवली. त्यांच्या डोक्यात २०१२ चं गणित पक्कं बसलंय, जेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे २५-३० रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, त्यानंतर तो फरक पुन्हा तसा कधी दिसला नाही. पुण्यात मी गाडी घेतली तेव्हा पेट्रोल १०४ आणि डिझेल ९०-९१ होतं. तरी म्हटलं, १४ रुपये तर १४ रुपये.

खरा हिशोब मी गाडी दारात आल्यावर केला. हे उलटं झालं, कबूल. याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत एक्स-शोरूम फरक सव्वा लाख. त्यात आपल्याकडे या किमतीच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. ऑन-रोड फरक एक लाख ६४ हजारांवर गेला. गावात माझी गाडी १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. हेच मॉडेल पेट्रोलमध्ये साडेअकरा देतं, म्हणजे नऊ. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. जास्तीचे पैसे वसूल व्हायला ५५ हजार किलोमीटर लागतील. माझ्या रनिंगने साडेपाच वर्षं.

हेही चाललं असतं. पण चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला, डीपीएफचा.

डीपीएफ म्हणजे धुराड्यातली काजळी अडवणारी गाळणी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि प्रत्येक डिझेल गाडीत ती आली. साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते, आणि तेवढी उष्णता यायला गाडी सलग वीसेक मिनिटं साठच्या वर पळायला हवी. माझं ऑफिस चार किलोमीटरवर. मुलीचा क्लास दोन किलोमीटरवर. कर्वे रोडला साठ? रात्री दोनला कदाचित.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, तुमचं रनिंगच कमी आहे." मी म्हटलं, मग विकताना का नाही विचारलंत? शोरूममध्ये मला एकच प्रश्न विचारला होता : लोन करणार की कॅश? कॉम्प्युटर जोडून त्यांनी जागेवरच काजळी जाळली, ऑइल बदललं आणि ३,२०० रुपयांचं बिल हातात ठेवलं. वॉरंटीत का नाही? तर "वापरण्याच्या पद्धतीमुळे". चार मेल, दोन चकरा. शेवटी लेबर माफ झालं, ऑइलचे पैसे घेतलेच. गाळणी बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात, हेही जाता जाता ऐकवलं.

ऑइलची गंमत वेगळीच. मी दर महिन्याला डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघतो. ऑइल कमी तर होत नव्हतंच, थोडं वाढलेलं दिसायचं. मी खूश, काय भारी इंजिन आहे! नंतर कळलं, काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल सोडते आणि ते काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे मी पातळ होत चाललेल्या ऑइलचं कौतुक करत होतो.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "डिझेल घेऊ नका" असं ठोकून देणार होतो. तेवढ्यात गणपती आले.

चिपळूणला सासरी गेलो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. पाच माणसं, डिकी मखराच्या सामानाने गच्च, एसी चालू, पाऊस. घाटात पुढे ट्रक रांगत होता, तरी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी विनातक्रार चढत होती, डाऊनशिफ्ट करायला हात गेला की कळायचं, गरजच नाही. मागे मेव्हणा टर्बो पेट्रोल घेऊन, तो सारखा गिअर खालीवर करत होता. चिपळूणला पोचल्यावर त्याचं ॲव्हरेज १४, माझं २१.४. आकडा त्याला दोनदा दाखवला. परत आल्यावर तीन आठवडे दिवा नाही.

तेव्हा माझं मत बदललंय. गाडी चांगली आहे, चुकीच्या माणसाकडे आहे.

आता तिच्या खाणाखुणाही कळायला लागल्यात. उभ्या गाडीचा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ८०० ऐवजी हजारावर दिसला, चालू ॲव्हरेज अचानक पडलं, जळका वास आला किंवा पंखा जोरात फिरायला लागला, तर आत काजळी जळतेय. त्या वेळी गाडी बंद करायची नाही, पार्किंगच्या दारात असलात तरी. मी परवा सोसायटीच्या गेटवरून गाडी वळवून थेट चांदणी चौक गाठला. वॉचमन बघत राहिला.

धाकटा भाऊ सातारा-कराड रोज करतो, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, तेही २०२१ च्या पेट्रोल गाडीत. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून ॲव्हरेज पडल्याची त्याची रड चालू आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे रड अगदीच खोटी नाही. मी म्हटलं, गाड्या बदलू. त्याचे महिन्याला सहा हजार वाचतील, माझ्या रविवारच्या वाऱ्या थांबतील. तो लगेच तयार झाला. फक्त वरचे तीन लाख मागितले तर म्हणतो, "दादा, त्यातून दिव्याचे पैसे वजा कर."

किती वजा करायचे, यावर सध्या बोलणी अडकली आहेत.