शेजवान, मोमो, कोरियन की थाई? कोल्हापुरी जिभेसाठी निवड

तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तिखटाचं कौतुक कुणी सांगायचं? पण रोजच्या मटणाचा कंटाळा येतो (कोल्हापुरातही येतो) आणि चार मित्र ‘आज काहीतरी वेगळं’ म्हणत बाहेर पडतात. मग चायनीजचा गाडा, मोमोचा स्टॉल, कॅफेतल्या कोरियन नूडल्स आणि थाई करी यांत वाद सुरू होतो.

खिशात फार पैसे नसतील आणि भूक सडकून लागली असेल, तर गाड्याला पर्याय नाही. मोठ्या आचेवर कढई तापते, तेलात लसूण पडतो, मागून शेजवान चटणी; उठलेल्या ठसक्यानं रस्त्यापलीकडचा माणूसही खोकतो. सुकी लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, सोया सॉस, एवढाच हा मामला. चीनच्या सिचुआन प्रांताशी त्याचं नातं नावापुरतं. तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी मिरी, आपल्या तिरफळाची भाऊबंद. ती गाड्यावर शोधू नका. मंच्युरियन तर मुंबईचंच. 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं मानतात. म्हणूनच कांदा-लसूण चटणीवर पोसलेल्या जिभेला ही चव पहिल्या घासापासून ओळखीची वाटते. ट्रिपल शेजवान एका प्लेटमध्ये दोघांना पुरतं. ‘रंग नको, सॉस कमी’ एवढं आधीच सांगा, आणि मंच्युरियनचे गोळे दुपारपासून तळून ढीग लावलेले दिसले तर राइसवरच थांबा.

बरोबर लहान मुलं असतील तर मोमो. सारण सौम्य, सगळं तिखट चटणीत, त्यामुळं ज्यानं-त्यानं आपल्या बेतानं बुडवावं. वाफवलेलेच घ्या; तळल्यावर जाड पारी तेवढी चावत बसावी लागते.

कोरियन नूडल्सचा पोरांना सध्या भारी नाद आहे. यातला प्रसिद्ध बुल्डाक 2012 साली बाजारात आला. त्याच्या मूळ प्रकाराचा तिखटपणा 4,404 स्कोव्हिल (तिखट मोजायचं एकक) सांगतात. 2024 मध्ये डेन्मार्कनं त्याचे तीन प्रकार फार तिखट म्हणून परत मागवले, आणि मग काय, पैजाच लागायला लागल्या. चवीत आधी साखर येते, तिखट मागाहून चढतं आणि लवकर उतरत नाही. पाणी पिऊन उपयोग नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश मात्र ते धुऊन नेतात. गंगावेशीतलं समोर पिळलेलं म्हशीचं दूध अशा वेळी औषधासारखं लागतं. पण पाकीट उकळून त्यावर अंडं फोडायचं, एवढ्यासाठी कॅफेचे दर मोजणं मला पटत नाही. पैज लावायची असेल तर पाकीट आणून घरी लावा.

थाई करी चौघांत महाग, आणि फसण्याची शक्यताही तिच्यातच जास्त. थाई स्वयंपाकातली छोटी मिरची 50,000 ते 1,00,000 स्कोव्हिलची, म्हणजे वर सांगितलेल्या नूडल्सच्या दहापटीहून जास्त. तरी करी तेवढी झोंबत नाही, कारण नारळाचं दूध तिला आवरून धरतं. रंगावर जाऊ नका, हिरवी करी बऱ्याचदा लालपेक्षा तिखट निघते. गवती चहा, थाई तुळस आणि लिंबाच्या पानाचा वास ताटाआधी नाकाशी आला तर बसा. नुसता नारळाचा आला तर वाटण डब्यातलं आहे असं समजा. शाकाहारी असाल, किंवा श्रावण पाळत असाल, तर आणखी एक विचाराच: करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणि वरून फिश सॉस घालायची थाई रीत आहे, आणि मेनूवर ‘व्हेज’ लिहिलेलं असलं तरी आत काय पडतं हे वेटरला बहुधा ठाऊक नसतं. स्वयंपाकघरात विचारून यायला सांगा.