बेलीझमधील टार्पन फिशिंगच्या पॅकेजपासून सावध राहा

मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशाच्या अंबरग्रिस की या बेटावरील एका समुद्रकिनारी रिसॉर्टमध्ये 'गाइडसह टार्पन फ्लाय फिशिंग' (फ्लाय म्हणजे पिसे-दोऱ्यांचे हलके नकली आमिष; ते लांब दोरी हवेत फिरवून फेकायचे) अशा नावाने विकल्या गेलेल्या सुटीत आमची पद्धतशीर फसवणूक झाली. ह्यूस्टनहून बेलीझ सिटीला थेट विमान असल्यामुळे टेक्ससमधील आपली बरीच मंडळी हिवाळ्यात तिकडे जातात आणि अशी पॅकेजेस नेमकी त्याच महिन्यांसाठी जोरात विकली जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टार्पन हा चांदीसारख्या खवल्यांचा, पूर्ण वाढ झाल्यावर माणसापेक्षाही लांब होणारा मासा आहे. तो अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, आणि गळाला लागला की सबंध शरीर पाण्याबाहेर झोकून देतो. बेलीझमध्ये 2009 पासून तो पकडला तरी जिवंत सोडून देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे पैसे मोजायचे ते उथळ पाण्यात लांबूनच मासा हेरणाऱ्या गाइडच्या नजरेसाठी, आवाज न करता पुढे सरकणाऱ्या बोटीसाठी आणि मोठे टार्पन किनाऱ्यालगत येतात त्या महिन्यांसाठी.

माझे मेहुणे कोलोरॅडोच्या नद्यांवर बरीच वर्षे ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग करीत आले आहेत, आणि टार्पन ही त्यांची जुनी हौस. मियामीतील ज्या मध्यस्थाकडून पॅकेज घेतले त्याला त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न मोसमाचा विचारला होता. "टार्पन इथे वर्षभर असतात," असे उत्तर मिळाले. हे उत्तर खोटे नव्हते, आणि फसवणुकीची सगळी खुबी त्यातच होती. कांदळवनातल्या खाड्यांमध्ये लहान टार्पन बाराही महिने राहतात. जाहिरातीतल्या छायाचित्रांमध्ये दोघांनी मिळून बोटीच्या कडेशी सावरून धरलेले अजस्र मासे मात्र स्थलांतर करणारे असतात आणि ते मुख्यतः उन्हाळ्याच्या महिन्यांत दिसतात. आम्हाला जानेवारी विकण्यात आला होता. त्या दिवसांत उत्तरेकडून थंड वाऱ्याच्या लाटा येतात, आभाळ भरून राहते, पाणी गार व गढूळ होते आणि उथळ पाण्यातला मासा डोळ्यांना दिसणेच मुश्कील होते.

पहिल्या सकाळी धक्क्यावर आमच्यासाठी उभी होती ती स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखालचे पाहणाऱ्या, पर्यटकांना नेणारी बोट. तिच्यावर लोखंडी खांबांवर ताणलेले कापडी छप्पर होते. फ्लाय फेकताना दोरी आधी मागे पूर्ण उलगडावी लागते. इथे ती प्रत्येक वेळी छपराच्या मागच्या खांबाला गुंडाळली जात होती आणि मेहुणे बाकावर चढून ती सोडवत होते. गाइडने उभे राहून मासे हेरायचा मागचा उंच चौथरा नव्हता, आणि इंजिन बंद करून बोट ढकलायची लांब काठीही नव्हती. भाड्याने दिलेला रॉड बोनफिशसारख्या लहान माशासाठी ठीक होता, परंतु दोरीच्या टोकाला जाड तुकडा जोडलेला नव्हता. टार्पनचा जबडा खरखरीत कानशीसारखा असतो आणि बारीक दोरी त्यावर घासून तुटते, हे तिथल्या कोणत्याही खऱ्या गाइडला ठाऊक असते.

आमच्याबरोबर आलेला तरुण स्वभावाने सरळ होता. तासाभराने त्याने स्वतःच सांगून टाकले की तो प्रवाळ दाखवायला लोकांना नेतो, फ्लाय फिशिंग त्याने कधी केलेले नाही आणि त्याला सकाळीच इकडे पाठवण्यात आले. मेहुणे रॉड गुंडाळत मला म्हणाले, "दाजी, याच्यावर चिडून काय उपयोग? याला मिळणार रोजची मजुरीच." ते खरेच होते.

पॅकेजमध्ये 'टार्पन दिसण्याची हमी' असे ठळक अक्षरांत छापले होते. ती हमी पूर्ण करण्यासाठी आम्हाला एका धक्क्याखाली नेण्यात आले, जिथे पर्यटक विकतच्या बारीक माशांचे तुकडे पाण्यावर धरतात आणि माणसाळलेले टार्पन उसळी मारून ते हातातून ओढून नेतात. दृश्य मोठे मजेदार होते, शेजारची मुले आनंदाने किंचाळत होती. पण संध्याकाळी रिसॉर्टच्या काउंटरवर हमी पूर्ण झाल्याच्या कागदावर आमची सही मागितली गेली. आम्ही सही केली नाही. पुढे पैशांचा वाद झाला तेव्हा याच गोष्टीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

वरखर्चाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. इंधनासाठी वेगळे पैसे, रॉडचे भाडे वेगळे, आणि मासेमारीच्या परवान्याचे पैसे दररोज नव्याने. हा परवाना बेलीझचे किनारपट्टी प्राधिकरण देते आणि तो आठवड्यासाठीही मिळतो. आम्ही आमच्या नावाचा परवाना पाहायला मागितला तेव्हा "ऑफिसमध्ये आहे" एवढेच ऐकवण्यात आले, आणि तो शेवटपर्यंत कोणी दाखवला नाही. तिथल्या गाइडला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो व त्याचे ओळखपत्र असते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी गाइडचे नाव, ओळखपत्राची प्रत आणि प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या बोटीचे छायाचित्र लेखी मागवून घ्यावे. ज्याचा धंदा सचोटीचा आहे तो हे एका ईमेलमध्ये पाठवून देतो.

निम्मी रक्कम आम्ही क्रेडिट कार्डाने भरली होती. उरलेली रक्कम पेपालवर 'मित्र व कुटुंबीय' या पर्यायानेच पाठवावी, नाहीतर तारखा दुसऱ्याला जातील, असा मध्यस्थाने आग्रह धरला. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे ती रक्कम गेली ती गेलीच. कार्डाच्या बाबतीत अमेरिकेच्या कायद्यानुसार विवरणपत्र निघाल्यापासून 60 दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी लागते. आम्ही जाहिरातीची प्रत, छपराच्या बोटीची छायाचित्रे आणि सही न केलेला हमीचा कागद जोडून बँकेला पत्र पाठवले. मध्यस्थाने उत्तरादाखल धक्क्यावर टार्पनला खाऊ घालतानाचा आमचाच फोटो पाठवून सेवा दिल्याचा दावा केला. बँकेने तो अमान्य केला आणि कार्डावरची रक्कम परत मिळाली.