कॉलेजच्या सोशल मीडियासाठी एजन्सी लावली होती, वर्षभराचा अनुभव

मी कॉलेजात शिकवते, आणि कॉलेजचं इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब बघायचं कामही गेली काही वर्षं माझ्याकडेच आहे. मागच्या ॲडमिशनच्या आधी आम्ही हे सगळं एका एजन्सीकडे दिलं. नाव लिहीत नाही, पण वर्षभर त्यांच्याबरोबर रोज काम केलंय, आणि दुसरं कुठलं कॉलेज असा विचार करत असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. डिझाईन खरंच सुंदर करतात. महिन्याचं कॅलेंडर आधीच हातात यायचं, त्यामुळे ऐनवेळची धावपळ संपली. आम्ही आडवा शूट केलेला व्हिडिओ तसाच रीलला टाकायचो आणि कडेची माणसं कापली जायची, तो उभा 9:16 मध्येच घ्यायचा आणि खाली सबटायटल द्यायचे हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

आता खटकलेलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख त्यांनी फक्त स्टोरीत टाकली, स्टोरी 24 तासांत गेली, प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या हायलाइटला ठेवलीच नाही. ज्याने त्या दिवशी फोन बघितला नाही त्याला कळणार कसं? नंतर तीच तारीख पोस्टरवर टाकली, पण सगळा मजकूर चित्रात, ऑल्ट टेक्स्ट (चित्रात काय आहे ते स्क्रीन रीडरला वाचता येईल असं लिहिलेलं वर्णन) नाही, कॅप्शनमध्ये तारीखच नाही. आमच्याच एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने मला सांगितलं की मॅडम, माझ्या स्क्रीन रीडरला यातलं काहीच वाचता येत नाहीये. मला फार लाज वाटली. फॉर्मची लिंक कॅप्शनमध्ये टाकलेली, आणि इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तर उघडतच नाही, ती प्रोफाइलवरच्या बायोत द्यावी लागते. जे रोज हेच काम करतात त्यांच्याकडून हे व्हायला नको होतं.

सगळ्यात जास्त राग आला तो इनबॉक्सचा. एका मुलाने रात्री विचारलं होतं, "हॉस्टेलला नंबर नाही लागला तर ॲडमिशन कॅन्सल करता येते का, फी परत मिळते का?" त्याला ऑटो रिप्लाय गेला, धन्यवाद, आमची टीम लवकरच संपर्क करेल. चार दिवसांत त्याने तीनदा तेच विचारलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर. मी योगायोगाने लॉगिन केलं म्हणून दिसलं. घर सोडून पहिल्यांदा बाहेर पडणारं पोर आहे ते, त्याच्या पोटात केवढा गोळा आला असेल! आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये काय, तर रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, वाढला. रीच वाढला हे ठीक आहे हो, पण त्यातले किती जण फॉर्मपर्यंत आले ते सांगा, तर ते माहीतच नाही, कारण लिंकला यूटीएम लावलेलंच नव्हतं. प्रत्येक ठिकाणी टाकायच्या लिंकला वेगळी खूण लावली की कोण कुठून आलं ते कळतं, फार मोठं काम नाहीये ते.

जाहिरातींचंही तसंच. आवडीनिवडी बघून शाळेतल्या मुलांपर्यंत जाहिरात पोचवू असं सुरुवातीला सांगितलं होतं, पण 18 वर्षांखालच्यांना असं टार्गेट करणं मेटाने (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) 2021 मध्येच बंद केलंय. हे मला नंतर वाचून कळलं, त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगायला हवं होतं.

वर्षातली सगळ्यात चाललेली पोस्ट एजन्सीची नव्हतीच. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने गेटपासून लॅबपर्यंत चालत चालत फोनवर व्हिडिओ काढला, थोडा हलतोय, मागे वाऱ्याचा आवाज आहे, आणि ती सांगतेय की पहिल्या आठवड्यात मी रोज चुकायचे, या जिन्याने वर जा. बास, एवढंच. त्याखाली लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, प्रॅक्टिकलची बॅच कशी ठरते, सीनियर त्रास देतात का असे प्रश्न आले आणि प्रत्येकाला तिने स्वतः बसून उत्तर दिलं. तो व्हिडिओ लोकांनी सेव्ह केला, मित्रांना पाठवला. फेसबुक 2004 मध्ये सुरू झालं तेव्हा ते कॉलेजच्याच मुलांनी एकमेकांशी बोलायला वापरलं होतं, आजही मुलांना आपल्यासारख्याच मुलाकडून ऐकायचं असतं.

तर माझं मत, डिझाईन आणि कॅलेंडरसाठी एजन्सी घ्या, पैसे वाया जात नाहीत. इनबॉक्स मात्र त्यांच्या हातात देऊ नका. करार करताना ऑल्ट टेक्स्ट, यूटीएम आणि किती तासांत उत्तर द्यायचं हे लेखी घ्या. आम्ही या वर्षी इनबॉक्ससाठी पाच विद्यार्थी नेमलेत, त्यांना मानधन देतो, आणि फी किंवा नियमांचा प्रश्न आला की ते ऑफिसला विचारूनच उत्तर देतात.

त्या हॉस्टेलवाल्या मुलाला मी स्वतः फोन केला होता. त्याने तोपर्यंत दुसरीकडे ॲडमिशन घेतली होती.