सी-डोरी 22 क्रूझर आणि 90 एचपीचं आउटबोर्ड: एका मोसमाच्या वापरानंतर

वॉशिंग्टन राज्यात बनलेली 22 फुटी केबिन बोट, मागे यामाहाचं एफ90 आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन), खाली दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर. एप्रिल ते ऑक्टोबर, अनाकोर्टिसहून सॅन हुआन बेटांत, बहुतेक वेळा दोन माणसं आणि आठवड्याचं सामान, असा वापर झाला. सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरकडच्या ज्या मराठी मंडळींच्या मनात अशी बोट घोळतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बोट मनापासून आवडली. सावकाश फिरायचं, किनारा धरून राहायचं, रात्री नांगरावर झोपायचं, या कामाला ती उत्तम. पण दोन गोष्टी आधीच मान्य करायला हव्यात: तिला वजन सोसत नाही, आणि ट्रेलरची निगा बोटीइतकीच ठेवावी लागते.

आधी वेगाचं. पाण्यातली लांबी साधारण 20 फूट, म्हणून पाणी कापत चालायचा वेग 6 नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास संपतो. आमच्या फ्लो मीटरवर 5.5 ते 6 नॉटला गॅलनमागे साडेचार सागरी मैलांच्या जवळपास मिळतात, 14 नॉटला तीन. मधला 8 ते 11 नॉटचा पट्टा टाळावा. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर चढते, समोरचं दिसत नाही आणि पेट्रोल उगाच जळतं. इंजिनाच्या प्लेटवर पर्माट्रिम (मागचा भाग उचलून धरणारी रुंद पट्टी) बसवल्यावर आणि ट्रिम टॅब (मागच्या कडेला खाली-वर होणाऱ्या पट्ट्या) लावल्यावर बोट 12 नॉटलाही पाण्यावर सपाट राहते. नवीन घेणाऱ्याने रडारच्या आधी हा खर्च करावा.

मागचा तळ जवळजवळ सपाट आहे. नांगरावर बोट कमी डोलते ती त्यामुळेच, आणि समोरून दोन फुटी आखूड लाट आली की आपटते तीही त्यामुळेच. अशा वेळी टॅब खाली करून नाळ दाबायची, म्हणजे पुढचा धारदार भाग लाट कापतो, आणि वेग कमी करायचा. लाट मागून असेल तर उलट: टॅब वर, इंजिन थोडं बाहेर कललेलं, नाळ हलकी. नाळ दाबलेली राहिली तर बोट लाटेच्या उतारावर भलतीकडे वळते.

वजनाचा हिशेब घेण्याआधीच करावा. दोन्ही टाक्यांत मिळून 40 गॅलन, म्हणजे 150 लिटर पेट्रोल; त्याचंच 110 किलो होतं, आणि तेही पार मागे. त्यात मुख्य इंजिन, बॅटऱ्या आणि एका बाजूला छोटं जादा इंजिन लावलं की मागचा भाग बसतो आणि बोट कलते. पाण्याची टाकी आणि घरगुती बॅटरी पुढे सरकवली की फरक लगेच कळतो. इंजिनाच्या पंख्याची (प्रोपेलरची) पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, हीही भरलेल्या बोटीवर तपासावी. एफ90 पूर्ण थ्रॉटलला 5,000 ते 6,000 आरपीएममध्ये यायला हवं. सामानासह ते 5,000 च्या आतच अडकत असेल, तर पिच एक-दोन इंच कमी करावी; इंचामागे साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात.

आउटबोर्डवर ट्रॉलरच्या सावकाश चालीने तासन्‌तास फिरण्यात एक खाच आहे. इथलं पाणी थंड, इंजिनावर भार कमी, त्यामुळे ते नीट तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून तेलात उतरतं. दर दोन दिवसांनी डिपस्टिक काढून पाहावी. तेल वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलावं. दिवसाअखेर दहा-पंधरा मिनिटं 4,000 आरपीएमला चालवलं की इंजिन पुरतं तापतं. बाकी नेहमीचं: दर 100 तासांनी इंजिन ऑइल, गियर ऑइल, फिल्टर. काढलेलं गियर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं समजा. त्या सीलमागे बऱ्याचदा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेला मासेमारीचा दोरा सापडतो. इंपेलर (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) दोन-तीन वर्षांनी बदलावा. 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच, आणि शक्य तिथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल घ्यावं.

या भागात घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक महत्त्वाचं. डिसेप्शन पास या अरुंद वाटेत प्रवाह 8 नॉटपर्यंत जातो. 6 नॉटच्या बोटीने तिथे पाणी थांबण्याची वेळ गाठूनच जावं. रोझारिओ सामुद्रधुनीत ओहोटी दक्षिणेकडे वाहते. तेव्हा वारा दक्षिणेचा असला की लाटा उभ्या राहतात, अंतर थोडं असलं तरी. मोठ्या भरतीनंतर तरंगते ओंडके असतात, म्हणून 14 नॉटला कोणीतरी सतत पुढे बघत बसायला हवं.

नांगराला 30 फूट पाव इंची साखळी आणि 200 फूट अर्धा इंची दोर पुरतो. दोर किती सोडायचा हे भरती धरून ठरवावं. ओहोटीला 20 फूट पाणी, वर 8 फूट चढणार, नाळेची उंची 3 फूट: झाले 31, त्याच्या पाचपट 155 फूट. सॅन हुआनपैकी सुशिया बेटावर आग्नेयेचा वारा सांगितला असेल तर इको बे उघडा पडतो; पश्चिमेकडचा शॅलो बे बरा.

आतमध्ये सगळ्यात मोठा त्रास दमटपणाचा. सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि गादीखाली ओल धरते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घालावी. गॅसची किंवा स्पिरिटची शेगडी जळताना वाफ सोडते, म्हणून वॉलसची डिझेल शेगडी महाग असली तरी पटते: जळालेला धूर बाहेर जातो आणि झाकण-पंखा लावला की तीच केबिन गरम करते. तापायला वेळ घेते, म्हणून कुकर लावायचा तर आधी ती पेटवून ठेवावी आणि तोवर डाळ-तांदूळ धुवावेत. बंद केल्यावर तिचा पंखा आपोआप थांबेपर्यंत मुख्य स्विचला हात लावू नये, बर्नर खराब होतो.

आता ट्रेलर. भरलेली बोट धरून सगळं 4,500 ते 5,000 पौंडांत जातं, आणि रुंदी 7 फूट 8 इंच असल्याने 8 फूट 6 इंचांच्या मर्यादेत बसते, वेगळा परवाना लागत नाही. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात तिथे) एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यावा. कमी असेल तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवतो.

हायवेवरून आल्याआल्या बोट पाण्यात घालू नये. ट्रेलरच्या चाकांचे हब (मधले भाग, ज्यात बेअरिंग असतं) तापलेले असतात. थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि मागच्या सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. काही आठवड्यांत बेअरिंग गंजतं. पंधरा-वीस मिनिटं थांबावं, तेवढ्यात पट्टे सोडणं, दोर लावणं, प्लग घट्ट करणं होतं. वाटेत थांबाल तिथे प्रत्येक हबला हात लावून पाहावा. एकच जास्त तापला असेल तर तिथे बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे. ग्रीस भरून तयार केलेला एक अख्खा हब, कॉटर पिना, जॅक आणि स्टेपनी सोबत असावी. सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे) डिस्कचे असतील तर ट्रेलर मागे घेताना ते पकडतात. ते सोडवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा झडपेचा स्विच) रिव्हर्स लाइटच्या पाचव्या वायरवर चालतो, म्हणून गाडीला चार वायरींचा प्लग असेल तर बदलून घ्यावा.

जुनी बोट बघायला जाताना छोटी हातोडी न्यावी. डेक आणि तळाच्या आत बाल्सा लाकूड आहे. क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंग आणि ट्रान्सड्यूसर (खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर) यांच्या स्क्रूभोवती हलकं ठोकून बघा. आवाज टणक येण्याऐवजी बोदा आला तर तिथे पाणी मुरलंय. स्वतः भोक पाडायचं तर आधी मोठं पाडा, कडेचं लाकूड कोरा, इपॉक्सीने भरा, आणि सुकल्यावर त्यातून स्क्रूच्या मापाचं भोक पाडा.