‘रीकॅप केलेला, तपासलेला’ 486 बोर्ड: हिरव्या रंगाखाली काय निघालं

जाहिरात अशी होती: 486चा (नव्वदच्या दशकातल्या पीसीचा) मदरबोर्ड, बॅटरी काढलेली, रीकॅप केलेला (म्हणजे जुने कपॅसिटर, वीज साठवणारे भाग, बदललेला), मायक्रोस्कोपखाली तपासलेला, चालू स्थितीत. सोबत डिजिटल मायक्रोस्कोपमधून काढलेले फोटो. सोल्डर चकचकीत, बोर्ड एकसारखा हिरवा, कुठे डाग नाही. स्क्रीनवर मेमरी मोजली जातेय असा छोटा व्हिडिओही होता. घेणाऱ्याने पैसे भरले, बोर्ड आला, सुरूही झाला. काही आठवड्यांनी कीबोर्ड अधूनमधून बंद पडायला लागला, मग कायमचा गेला, आणि शेवटी बोर्ड बूटच होईना. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: पाठवला तेव्हा चालत होता.

ते खरंही होतं. म्हणून तर ही फसवणूक पकडायला इतकी अवघड जाते. बोर्ड चालत होता, पण दुरुस्त झालेला नव्हता. गंजावर रंग मारलेला होता.

386 आणि 486च्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ 3.6 व्होल्टची पिंपासारखी चार्जेबल बॅटरी असते. आत 1.2 व्होल्टचे तीन सेल असतात, निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइडचे. त्यातलं द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे तीव्र अल्कली. ते गळतं आणि तांब्याच्या ट्रॅकच्या (बोर्डावरच्या वीजवाहक रेषांच्या) कडेने, सोल्डर मास्कच्या, म्हणजे बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक लेपाच्या, खालून पुढे सरकतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. हा पांढरट क्षारही अल्कलीच, वर हवेतला ओलावा ओढून घेणारा. त्यामुळे बॅटरी काढून टाकली तरी काम थांबत नाही. क्षार धुतला नाही, तर तो ओलावा धरतो आणि तांबं खातच राहतो. वरून रंग मारला की ओलावा आत कोंडतो, बाहेरून मात्र सगळं छान दिसतं.

खरी दुरुस्ती वेळखाऊ आहे. बॅटरी कापून काढायची, व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण मऊ ब्रशने लावून काही मिनिटं ठेवायचं, डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवायचं, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पूर्ण वाळवायचं. काळवंडलेल्या प्रत्येक ट्रॅकवरचा मास्क फायबरग्लास पेन्सिलने खरवडून लखलखीत तांबं दिसेपर्यंत जायचं. (हातमोजे घालाच, काचेचे ते बारीक तंतू कातडीत घुसतात आणि श्वासातही जातात.) कीबोर्ड कंट्रोलरचं 40 पायांचं सॉकेट काढून खाली बघायचं, कारण सॉकेटच्या स्प्रिंग आतून सडतात आणि वरून दिसत नाहीत. व्हाया, म्हणजे बोर्डाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी तांब्याच्या अस्तराची भोकं, एकेक तपासायची. अस्तर गेलं असेल तर आरपार तार घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करायची. तुटलेल्या ट्रॅकला 30 गेजच्या तारेचा जंपर मारायचा. यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशात कडक होणारा नवा लेप) लावायचा तो हे सगळं झाल्यावर, तांबं सुकं आणि स्वच्छ असल्याची खात्री करून.

या बोर्डावर यातलं शेवटचं काम तेवढं झालं होतं.

मायक्रोस्कोपखाली ते कसं दिसलं? सुरुवातीला काहीच दिसलं नाही. डिजिटल मायक्रोस्कोपच्या लेन्सभोवती एलईडीची रिंग असते. तिचा प्रकाश सरळ वरून पडतो आणि सगळे उंचवटे सपाट करून टाकतो. जाहिरातीतले फोटो त्याच प्रकाशातले होते. रिंग बंद करून एक छोटा टॉर्च बोर्डाला जवळजवळ टेकवून, 10-15 अंशांच्या कोनात बाजूने धरला आणि चित्रच बदललं. मूळ सोल्डर मास्क ट्रॅकच्या कडेला बारीक, स्पष्ट पायरी धरून बसतो, त्याची जाडी एकसारखी असते. इथे कीबोर्ड सॉकेटच्या मागे ट्रॅकच्या पायऱ्या बुजलेल्या होत्या. मास्क दोन ट्रॅकच्या मधल्या खाचेत साचला होता, त्यात हवेचे बुडबुडे होते, ब्रशचा एक केस अडकलेला होता, आणि ट्रॅकवर बारीक पुरळासारखे फोड होते. फोडाखाली तांब्याचा हिरवा क्षार होता. सगळ्यात बोलका पुरावा छापील अक्षरांचा. कारखान्यात पांढरी अक्षरं मास्कच्या वर छापतात. इथे एका रेझिस्टरच्या क्रमांकाची अर्धी अक्षरं हिरव्या रंगाच्या खाली गेलेली होती. मूळ बोर्डावर असं होऊच शकत नाही.

संशय असेल तिथे पीएच पेपरची चाचणी करा. डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब मास्कच्या तड्यावर किंवा व्हायाच्या तोंडावर टाकायचा, मिनिटभर थांबायचं, कागद टेकवायचा. वाचन 9 किंवा त्याहून वर आलं तर क्षार आत शिल्लक आहे.

विक्रेत्याने ‘सगळे ट्रॅक कंटिन्युइटीवर तपासले’ असंही लिहिलं होतं. कंटिन्युइटी म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की मल्टीमीटरचा बीप वाजतो ती चाचणी. या वाक्यावर कधीच विसंबू नका. बऱ्याच मल्टीमीटरचा बीप 30-50 ओहमपर्यंत वाजतो. आता हिशोब करा: 35 मायक्रॉन जाडीचं तांबं, 0.25 मिमी रुंद आणि 10 सेंमी लांब ट्रॅक असेल तर त्याचा रोध साधारण 0.2 ओहम यायला हवा. तो 4 ओहम आला तर ट्रॅकचं बरंचसं तांबं खाल्लं गेलंय, पण बीप मात्र खणखणीत वाजणार. म्हणून मीटर ओहमच्या सर्वात खालच्या रेंजवर ठेवायचा, दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून येणारं वाचन वजा करायचं, आणि ट्रॅकच्या एका टोकाच्या आयसीच्या (चिपच्या) पायापासून दुसऱ्या टोकाच्या पायापर्यंत मोजायचं. मधल्या पॅडवर, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यावर, नाही. मोजताना बोर्ड हलकेच वाकवायचा. वाचन उड्या मारत असेल तर व्हाया गेलेली आहे. कीबोर्डच्या पाच पिनांच्या सॉकेटवर 1 नंबर क्लॉक, 2 डेटा, 4 ग्राउंड, 5 नंबर +5 व्होल्ट. बॅटरी गळलेल्या बोर्डावर मोजायला सुरुवात इथूनच करावी. या बोर्डावर क्लॉकचा ट्रॅक बीपवर ‘चालू’ होता, ओहममध्ये मोजल्यावर नव्हता.

आता ‘रीकॅप’ या शब्दाबद्दल. मॅकिंटॉश एसई/30, अमिगा 600 किंवा अमिगा 1200 या जुन्या संगणकांवर रीकॅप ही खरंच तातडीची गोष्ट आहे, कारण त्यांच्यावरचे सरफेस माउंट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळतात आणि पॅड खातात. 2000च्या आगेमागे आलेल्या पेंटियमच्या बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर बदलावेच लागतात. पण 486च्या बोर्डांवर बहुतेक टँटॅलम कपॅसिटर आणि मोजके लांब पायांचे इलेक्ट्रोलायटिक असतात. तिथे खरा शत्रू बॅटरी. 486वर ‘रीकॅप’ ठळक अक्षरांत लिहून बॅटरीच्या जागेचा जवळचा फोटो न देणारा विक्रेता तुमचं लक्ष दुसरीकडे वळवतो आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रीकॅप खरोखर झालं का ते बोर्डाच्या मागच्या बाजूने कळतं. तीस वर्षांपूर्वीचा जोड करडा, मंद असतो. बदललेल्या जोडाभोवती फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या पदार्थाचा) अंश किंवा तो पुसल्याच्या खुणा असतात, पाय वेगळ्या लांबीवर कापलेले असतात. या बोर्डावर वीजजोडणीजवळचे, म्हणजे सहज नजरेत भरणारे, दोनच कपॅसिटर बदललेले होते. सरफेस माउंट कपॅसिटर असतील तर पॅडच्या कडा बघा: कपॅसिटर पिळून उपटला असेल तर पॅड बोर्डापासून केसभर उचललेला दिसतो आणि त्याखाली सोल्डर घुसलेलं असतं. दिशाही तपासा. सरफेस माउंट इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी निगेटिव्ह दाखवते, टँटॅलमवरची पॉझिटिव्ह. घाईत काम करणारा इथे हमखास चुकतो. अमिगाच्या ए3640 प्रोसेसर कार्डच्या काही आवृत्त्यांवर सी105, सी106, सी107 हे कपॅसिटर कारखान्यातूनच उलटे बसवलेले आहेत. अशा कार्डाच्या रीकॅपची जाहिरात करणाऱ्याला या तिघांबद्दल विचारून बघा. त्याला माहीत नसेल, तर जुन्याची दिशा बघून त्याने नवेही उलटेच बसवलेले असणार.

आयसींमध्ये फसवणुकीचा आणखी एक थर आहे. दुर्मीळ आयसीच्या नावाखाली दुसराच आयसी विकला जातो: वरचा भाग घासून जुनी छपाई काढतात, काळा लेप देतात आणि नवा क्रमांक छापतात. कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकातल्या 6581 या साउंड चिपच्या बाबतीत हे फार चालतं. मायक्रोस्कोपखाली 20 ते 40 पट मोठं करून बघितलं, तर एकाच दिशेने गेलेले घासल्याचे ओरखडे दिसतात, 1 नंबर पिनजवळची गोल खळी लेपाने अर्धी भरलेली असते, आणि वरच्या बाजूचा पोत कडेच्या पोताशी जुळत नाही. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा; काळा रंग बोळ्यावर उतरला तर लेप आहे. तारखेचा कोडही वाचा. बहुतेक कंपन्या आधी वर्ष, मग आठवडा छापत. 6581वर उलट असतं, 3884 म्हणजे 1984चा 38वा आठवडा.

486वर कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरसाठीच्या छोट्या वेगवान मेमरीच्या, चिप बघायला विसरू नका. 1995च्या सुमारास काही स्वस्त बोर्ड खोट्या कॅशचे निघाले होते: आत सिलिकॉन नसलेले प्लास्टिकचे ठोकळे, वर ‘राइट बॅक’ असा शिक्का, आणि बायॉस (बोर्डावरचा, संगणक सुरू करणारा प्रोग्राम) अशी बदललेली की ती 256 केबी कॅश असल्याचं सांगते. हे बोर्ड आजही ‘256 केबी कॅशसह’ म्हणून विकले जातात. पायांपासून निघणारे ट्रॅक मायक्रोस्कोपखाली शोधा. ते कुठेच जात नसतील तर कॅश खोटी. बोर्ड चालू असेल तर कॅशचेकसारखा प्रोग्राम चालवा. वेगाच्या आकड्यांत प्रोसेसरच्या आतल्या कॅशनंतर (8 किंवा 16 केबी) एक पायरी उतरते, आणि कॅश खरी असेल तर 256 केबीनंतर आणखी एक. दुसरी पायरी दिसत नसेल आणि बायॉसमधून कॅश बंद करूनही फरक पडत नसेल, तर तिथे कॅश नाही.

आणि फोटो? जाहिरातीतले मायक्रोस्कोपचे फोटो या बोर्डाचे नव्हतेच. बोर्ड तयार होताना पांढरी छपाई पॅडच्या तुलनेत किंचित सरकते, आणि ती प्रत्येक बोर्डावर वेगळी सरकते. जाहिरातीत एका अक्षराची कड पॅडला टेकलेली होती, हातातल्या बोर्डावर त्याच जागी मधे स्पष्ट फट होती. एकाच मॉडेलचा दुसरा, धडधाकट बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला होता. म्हणून पैसे भरण्याआधी तुम्ही निवडलेल्या जागांचे फोटो मागा: बॅटरीची जागा दोन्ही बाजूंनी, कीबोर्ड सॉकेटची मागची बाजू, बॅटरीजवळच्या आयएसए स्लॉटचा (जादा कार्ड बसवायच्या खाचेचा) तळ. प्रत्येक फोटोत तुम्ही सांगितलेला शब्द लिहिलेला कागद आणि मिलिमीटरची पट्टी हवी, प्रकाश बाजूने हवा, आणि फाइल मूळ, न दाबलेली हवी. 20 मिमी रुंदीचा भाग 1920 पिक्सेलमध्ये आला तर एका पिक्सेलला साधारण 10 मायक्रॉन येतात, 0.2 मिमीचा ट्रॅक बघायला तेवढं पुरतं. व्हिडिओ विनाकट हवा: बोर्ड रात्रभर बंद ठेवून मग सुरू केलेला, कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबलेलं, मेमरी टेस्टची पूर्ण फेरी झालेली.

मायक्रोस्कोप घेतानाही सावध राहा. ‘1000 पट’, ‘1600 पट’ हे आकडे स्क्रीनच्या आकारावर ताणलेले असतात, आणि स्वस्त यूएसबी यंत्रांत 640 गुणिले 480च्या सेन्सरचं चित्र फुगवून मोठं केलेलं सापडतं. त्या पटीवर लेन्स बोर्डाला जवळजवळ चिकटते, सोल्डरिंग आयर्न घालायला जागाच उरत नाही. सोल्डरिंगला 7 ते 20 पट पुरतं. लेन्स आणि बोर्ड यांच्यातलं अंतर 10 सेंमीपेक्षा जास्त असणं जास्त महत्त्वाचं.

दुरुस्तीला बोर्ड पाठवणाऱ्यांनी सॉकेटमधल्या प्रत्येक आयसीच्या तारखेच्या कोडचा फोटो आधी काढून ठेवावा. चांगला आयसी काढून दुसरा बसवून परत पाठवण्याचे प्रकार होतात, आणि फोटोशिवाय ते सिद्ध करता येत नाही.

असा बोर्ड हातात आलाच तर आधी काहीही खरवडू नका. खोका उघडतानाचा व्हिडिओ, बाजूच्या प्रकाशातले फोटो, ओहमची वाचनं आणि पीएच पेपरचा फोटो तक्रारीसोबत द्या. रंग काढला की विक्रेता म्हणणार, तुम्हीच बोर्ड बिघडवला. वीज देण्याआधी +5 आणि ग्राउंड, तसंच +12 आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजा. शून्याच्या जवळ असेल तर वीज देऊ नका, बहुधा टँटॅलम शॉर्ट झालेला असतो. परतावा मिळाला नाही तर मग काम सुरू करा: स्काल्पेलचं पातं आडवं धरून 10 पट दृश्यात नवा मास्क सोलायचा, फोड फुटतील तिथे ट्रॅक उचकटणार नाही इतक्या हलक्या हाताने. कीबोर्ड कंट्रोलरचं सॉकेट काढायचं आणि धुण्यापासून पुन्हा सुरुवात करायची.