श्रम संहितांच्या नावाखाली ३,४१,२४० रुपयांची लूट

कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझा सुट्या भागांचा लहान कारखाना असून त्यात २२ कामगार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आणि आमच्यासारख्यांच्या धास्तीवर जगणाऱ्या सल्लागारांचे फावले. त्यांपैकी एकाने 'नव्या संहितेनुसार पुनर्नोंदणी' म्हणून माझ्याकडून ३५,००० रुपये घेतले. ज्या आस्थापनेची आधीच नोंदणी आहे तिला सामाजिक सुरक्षा संहितेखाली पुन्हा नोंदणी करावी लागत नाही, हे मला नंतर समजले.

पुनर्नोंदणीच्या निमित्ताने त्याने भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) पोर्टलवर माझ्याऐवजी स्वतःचा मोबाइल क्रमांक घातला. पीएफचे ६६,००० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) १०,५६० असे दरमहा ७६,५६० रुपये, बदल स्थिरावेपर्यंत म्हणून, तो स्वतःच्या खात्यावर घेऊ लागला. चार महिन्यांचे ३,०६,२४० रुपये गेले. चलने मात्र वेळेवर येत होती, शिक्क्यासह.

तिसऱ्या चलनावरचा टीआरआरएन, म्हणजे भरण्याचा संदर्भ क्रमांक, दुसऱ्या चलनावरचाच आहे, हे आमच्या हिशेबनिसांनी मला दाखवले होते. प्रत्येक भरण्याला नवा क्रमांक पडतो. 'नव्या प्रणालीत क्रमांक कायमचा असतो,' असे त्याने ठामपणे सांगितले आणि तिथेच विषय मिटला. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण सगळेच नियम बदलत असताना हा नियमही बदलला असेल, असे कोणत्याही मालकाला वाटले असते. पोर्टलवर आस्थापनेच्या नावाने शोधल्यास भरणा झाला की नाही ते लॉगिनशिवाय दिसते. ते दर महिन्याला स्वतः पाहा.

घरदुरुस्तीसाठी अग्रिम मागणाऱ्या एका कामगाराच्या पासबुकात चार महिने कोरे निघाले, तेव्हा बिंग फुटले.

त्यानंतरचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात 'तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणीत जा' असे सांगितले. सायबर कक्षात गेलो तर माणूस ओळखीचा आहे म्हणून परत ठाण्यात पाठवले. निधीच्या कार्यालयाने तर स्पष्टच सांगितले की जबाबदारी मालकाची आहे, रक्कम पुन्हा भरा, वर द.सा.द.शे. १२ टक्के व्याज आणि दंडात्मक नुकसानभरपाईही भरा. कामगारांच्या पगारातून कापलेला वाटा जमा न झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार मालकावरच विश्वासघाताचा ठपका येतो. म्हणजे लुटला गेलेलाच आरोपी, आणि ज्याने पैसे खाल्ले त्याला बोलावून साधी विचारणा करायलाही कोणाला सवड नाही! सरकारने कायदे बदलताना लहान मालकाला समजेल अशा मराठीत एक पत्रक घरपोच दिले असते, तर या दलालांना वावच उरला नसता.

सल्लागाराला त्याची फी जरूर द्या, पण निधीचा एकही रुपया त्याच्या खात्यावर पाठवू नका. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक, पासवर्ड आणि डिजिटल सही स्वतःकडेच ठेवा. कामगारांना त्यांचे पासबुक पाहायला शिकवा, कारण चोरी आधी तिथेच दिसते.

कामगारांच्या वाट्याचे १,२६,७२० रुपये मी कर्ज काढून पुन्हा भरले आहेत. ठाण्यातून अद्याप केवळ अर्जाची पोच मिळाली असून गुन्हा नोंदवण्यासाठी आता मी न्यायालयात जात आहे.