दामिनी ॲप: शेतकऱ्याच्या हाती आलेली विजेची पूर्वसूचना

आमच्या मराठवाड्यात वीज पडून माणसे दगावतात ती बहुतेक मृगाच्या तोंडावर किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, कारण एका वेळी मशागत आणि दुसऱ्या वेळी सोयाबीनची काढणी चाललेली असल्याने अख्खे गाव उघड्या शिवारात असते. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत ॲप मी दोन हंगाम नेमाने वापरले.

आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल, तर हे ॲप तशी सूचना देते, आणि गेल्या काही मिनिटांत विजा कुठे पडल्या तेही नकाशावर दाखवते. मागच्या काढणीत डोक्यावर लख्ख ऊन असताना पश्चिमेकडचे ठिपके दर खेपेस आमच्या बाजूला सरकलेले दिसले, तेव्हा सुडीवर ताडपत्री ओढून आम्ही निघालो. सवयीने कडुलिंबाकडे वळलेल्या मजूर बाईला “मावशी, झाडाखाली नको, घरीच चला,” असे म्हणावे लागले. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते, म्हणून तो आडोसा सर्वांत घातक असतो. उघड्या ट्रॅक्टरचाही काही उपयोग नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली, पत्र्याच्या छताची मोटार हाच खरा आसरा, आणि आमच्या शेतापासून घर दहा मिनिटांच्या वाटेवर असल्यामुळे ती आगाऊ सूचना मला लाखमोलाची वाटते.

तरीही केवळ ॲपवर विसंबू नये. ते पडलेल्या विजांची नोंद घेते, त्यामुळे डोक्यावरच तयार झालेल्या ढगातली पहिली वीज त्याला आधी सांगता येणार नाही. शिवाय विहिरीपलीकडच्या आमच्या तुकड्यात मोबाइलला रेंजच नसते. तिथे कान हेच साधन: गडगडाट ऐकू आला की काम तिथेच टाकायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही. पाऊस थांबला की लगेच परतण्याची आमची घाई अनेकदा जिवावर बेतते.

ॲपमध्ये काय करावे, काय टाळावे याच्या सूचनाही आहेत आणि त्या पाऊस सुरू होण्याआधीच घरातल्या सर्वांनी वाचाव्यात. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात ती साठून राहत नाही, त्याला हात लावल्याने धक्का बसत नाही. तरीही लोक भीतीने दूर उभे राहतात, आणि हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याची मोलाची मिनिटे निघून जातात. श्वास थांबला असेल तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने तत्क्षणी छातीच्या मध्यभागी जोराने व वेगाने दाब देणे सुरू करावे, ते रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये.